कोड तुमचा, डबा आमचा: टीव्होची गोष्ट आणि खिशातलं कुलूप



आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम सांगतो. फोन हातात आहेच. सेटिंग्ज उघडा, तळाशी जा, 'अबाउट फोन'मध्ये शिरा. तिथे कुठेतरी 'लीगल' किंवा 'ओपन सोर्स लायसन्स' असं लिहिलेलं असेल. प्रत्येक फोनमध्ये जागा थोडी वेगळी, त्यामुळे जरा शोधावं लागेल. सापडलं? दाबा आणि अंगठ्याने खाली सरकवत राहा.

संपत नाही ना? बारीक अक्षरातलं इंग्रजी, पानामागून पान. हे कोणी वाचत नाही. मीही कधी वाचलं नव्हतं. पण त्या मजकुरात एक वचन आहे. ह्या फोनमधल्या कित्येक भागांचा कोड तुम्हाला मागता येईल, वाचता येईल, बदलता येईल, दुसऱ्याला देता येईल, असं तिथे चक्क लिहिलेलं आहे.

आता तो बदललेला कोड त्याच फोनमध्ये घालून बघा. बहुतेक फोन तुम्हाला दारातूनच परत पाठवतील.

असं का, आणि ह्या वचनाला ही पळवाट कुठून फुटली, ही आजची गोष्ट आहे.

बाबांचा फोन

मला हा प्रश्न पडला तो बाबांच्या फोनमुळे. बाबांचं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी उधारीची वही फोनवर आणली. तेव्हापासून तो फोन गल्ल्याशेजारी, रबरबँड गुंडाळून ठेवलेला. फोन ठणठणीत. एकदा बॅटरी बदलली, काचेला एक तडा गेलाय, बाकी तक्रार नाही. पण कंपनीने अपडेट देणं केव्हाच थांबवलं होतं, आणि गेल्या दिवाळीच्या ऐन गर्दीत उधारीचं ॲप म्हणायला लागलं, 'तुमची अँड्रॉइड आवृत्ती जुनी आहे.'

म्हटलं, त्यात काय! जुन्या फोनांसाठी नव्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या तयार करणारी हौशी मंडळी जगभर आहेत. आपणही करून बघू. कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या कर्नलचा, म्हणजे फोनच्या सगळ्यात आतल्या सॉफ्टवेअरचा, सोर्स कोड ठेवलेला होता. नियमाप्रमाणे ठेवावाच लागतो. मी तो उतरवून घेतला, थोडे बदल केले, आणि रात्रभर लॅपटॉपचा पंखा घोंघावत राहिला. सकाळी फाइल तयार. केबल लावली, फाइल पाठवली. फोनने एका ओळीत नकार दिला: बूटलोडरला कुलूप आहे. कंपनीला मेल केला. आठ दिवसांनी उत्तर आलं, ह्या मॉडेलसाठी कुलूप उघडण्याची सोय नाही.

बाबा शेजारी गूळ तोलत होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"कंपनीची परवानगी पाहिजे म्हणतोय."

"अरे, पैसे आपण भरले ना? पावती आहे माझ्याकडे."

"हो."

"मग परवानगी कोणाची मागतोयस?"

ह्याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. ते शोधता शोधता मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे गेलो. तर चला.

एक प्रिंटर अडकतो

साल साधारण १९८०. अमेरिकेतल्या एमआयटीची आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅब. तिथे रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण प्रोग्रामर काम करायचा. लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीने दिलेला नवा लेझर प्रिंटर आला. वेगवान, सुबक, पण कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर आणि माणसं दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही छपाईला द्यायचं, तासाभराने आणायला जायचं, तर कळायचं की कागद पहिल्याच पानाला अडकलाय आणि मागे सगळ्यांची रांग तुंबलीय.

आधीच्या प्रिंटरलाही हे दुखणं होतं. त्यावर स्टॉलमनने साधा इलाज केला होता: प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडा बदल, म्हणजे कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या स्क्रीनवर निरोप जायचा. ज्याला घाई असेल तो उठून कागद सोडवायचा. नव्या प्रिंटरलाही तेच करायचं होतं, पण त्याचा सोर्स कोडच दिलेला नव्हता. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या माणसाकडे तो आहे असं कळलं, म्हणून स्टॉलमन त्याच्याकडे गेला. त्याने नकार दिला. कोड कोणाला दाखवणार नाही, असं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं.

अडकलेला कागद ही किरकोळ गोष्ट. पण स्टॉलमनला ते लागलं. यंत्र आपल्या खोलीत, दुरुस्ती आपल्याला येते, आणि तरी हात बांधलेले.

२७ सप्टेंबर १९८३ ला त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली: एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, जी कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वाटावी. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभं राहिलं. आणि १९८९ मध्ये आला जीपीएल, म्हणजे ग्नू जनरल पब्लिक लायसन्स.

काट्याने काटा

जीपीएलची युक्ती मला फार आवडते, कारण ती अस्सल काट्याने काटा काढण्याची आहे. कॉपीराइटचा कायदा म्हणतो, लेखकाच्या परवानगीशिवाय कॉपी करायची नाही. स्टॉलमन म्हणाला, ठीक आहे, लेखक मी आहे, मी परवानगी देतो. वापरा, बदला, विका, वाटा. अट एकच: तुम्ही ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्यायचे, आणि सोबत सोर्स कोड द्यायचा. म्हणजे ज्या कायद्याने दार बंद व्हायचं, त्याच कायद्याने दार कायमचं उघडं ठेवलं.

सोर्स कोड म्हणजे काय, हे एका वाक्यात. आईने डब्यात दिलेली पुरणपोळी म्हणजे तयार प्रोग्राम, आणि तिची कृती म्हणजे सोर्स कोड. पोळी खाऊन कृती कळत नाही. जीपीएल म्हणतो, पोळी दिलीत तर कृतीही द्या.

१९९१ च्या जूनमध्ये जीपीएलची दुसरी आवृत्ती आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, ह्याने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं. तेच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने लिनक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आणलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो कर्नल आहे, तो ह्याच लिनक्सचा वंशज.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण ह्या सगळ्या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: कृती मिळाली की आपल्या चुलीवर पोळी करता येणारच. चूलच नाही म्हणेल, असं १९९१ मध्ये कोणाच्या मनात आलं असेल असं वाटत नाही.

टीव्होचा डबा

१९९९ चा मार्च. अमेरिकेत टीव्हो नावाचा डबा बाजारात आला. टीव्हीच्या शेजारी ठेवायचा, आत हार्ड डिस्क. चालू कार्यक्रम थांबवता यायचा, मागे नेता यायचा, आवडती मालिका आपोआप रेकॉर्ड व्हायची. तुम्हाला वाटेल, हे काय, मी रोज करतो. पण तेव्हा लोक व्हिडिओ कॅसेटवर रेकॉर्डिंग करायचे. त्या काळात टीव्हो म्हणजे जादू होती. लोक क्रियापदासारखा शब्द वापरायला लागले, 'मी तो एपिसोड टीव्हो केलाय'.

डब्याच्या आत होतं लिनक्स. कंपनीने काही चोरून केलं नाही, हे आधी सांगतो. जीपीएलचा कोड वापरला, त्यात केलेले बदल नियमाप्रमाणे प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या डब्यांत हौशी लोकांनी मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या, काहीबाही सोयी घातल्या.

पण पुढच्या डब्यांत कुलूप पक्कं होत गेलं. डबा सुरू होताना आधी तपासायचा की आतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या सहीचं आहे का. सही जुळली तर चालू, नाही तर बंद. कोड तुमच्याकडे, डबा तुमच्याकडे, वीजबिल तुमचं. पण तुम्ही एक ओळ बदललीत की तुमचा डबा तुमचं ऐकणार नाही.

ही सही कशी चालते? जुन्या मराठी पत्रांचा विचार करा. मजकूर संपला की खाली मोर्तब व्हायचं. त्याचा अर्थ, मजकूर इथे संपला, याखाली कोणी चार ओळी घुसडायच्या नाहीत. डिजिटल सही त्याच कामाची, फक्त मोर्तबाचा शिक्का गणिताचा. शिक्का उमटवायची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे. शिक्का खरा आहे की नाही हे ओळखायची दुसरी किल्ली यंत्राच्या अशा भागात कोरलेली, जिथे तुमचा हात पोचत नाही. मजकुरातला एक काना-मात्रा बदलला तरी शिक्का जुळत नाही.

कंपनीची बाजूही ऐकू. डब्यात टीव्हीवरचे कार्यक्रम साठवलेले असत. ते सहज बाहेर कॉपी व्हायला लागले तर चॅनेलवाले आणि स्टुडिओ अंगावर येणार. शिवाय कंपनीचा धंदा महिन्याच्या वर्गणीवर. म्हणजे कुलूप लावण्यामागे कारण होतं.

पण स्टॉलमनच्या मते हा शब्द पाळून अर्थ बुडवण्याचा प्रकार होता. त्याने ह्या प्रकाराला नावच दिलं, 'टीव्होकरण'. कंपनीला ते किती आवडलं असेल कल्पना करा!

दुसरा डबा

आता त्याच काळातला दुसरा डबा बघा. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा निळ्या-काळ्या रंगाचा वायफाय राउटर आला, डब्ल्यूआरटी ५४ जी. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ह्याच्या आत लिनक्स आहे, पण सोर्स कोड कुठेच दिलेला नाही. बराच गाजावाजा झाला. लिंकसिस तेव्हा नुकतीच सिस्कोने विकत घेतली होती. शेवटी त्याच वर्षी कोड प्रसिद्ध झाला.

आणि ह्या राउटरला सहीचं कुलूप नव्हतं!

मग काय झालं? हौशी लोकांनी तो कोड घेतला आणि २००४ च्या सुमारास ओपनडब्ल्यूआरटी नावाचा प्रकल्प सुरू झाला. साधा घरगुती राउटर, पण त्यात महागड्या राउटरच्या सोयी यायला लागल्या. पुढे कंपनीने त्या मॉडेलमधलं लिनक्स काढून दुसरी सिस्टिम घातली, मेमरीही कमी केली. पण लिनक्सवाल्या राउटरला इतकी मागणी होती की त्याच रूपात 'जीएल' नावाचा वेगळा राउटर विकायला आणावा लागला. ओपनडब्ल्यूआरटी आजही जिवंत आहे, आणि ज्या राउटरांना त्यांच्या कंपन्या विसरून गेल्यात त्यांनाही सुरक्षा अपडेट पुरवतो.

दोन्ही डब्यांत लिनक्स, दोन्हीकडे लायसन्स तेच. फरक एका कुलपाचा. एका डब्याभोवती वीस वर्षं चाललेली कार्यशाळा उभी राहिली, दुसऱ्याभोवती नाही.

दोन शहाण्यांचं भांडण

२००६ मध्ये स्टॉलमन आणि फाउंडेशनचे वकील, कोलंबिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक एबेन मोगलेन, ह्यांनी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा जगापुढे ठेवला. पहिला मसुदा जानेवारीत एमआयटीत. मग त्यावर वर्षभर जाहीर चर्चा. ब्राझीलमधल्या पोर्तू आलेग्रीत परिषद, मग बार्सिलोना, ऑगस्टमध्ये आपलं बंगळुरू, नंतर टोकियो. एका लायसन्ससाठी जग पालथं घातलं म्हणा ना. मला ह्याचं अप्रूप वाटतं. आपण ज्या मजकुराला न वाचता 'आय ॲग्री' करतो, त्यातल्या एकेका शब्दासाठी लोक वर्षभर भांडत होते.

भांडणाचा मुख्य मुद्दा टीव्होकरण. आणि समोर उभा राहिला खुद्द लिनस टोरवाल्ड्स.

त्याचं म्हणणं असं: मी तुम्हाला कोड देतो, तुम्ही त्यात केलेल्या सुधारणा मला द्या. फिटंफाट. तुम्ही तो कोड कोणत्या यंत्रात घालता आणि त्या यंत्राला कुलूप लावता का, हा तुमचा प्रश्न. मी सॉफ्टवेअर लिहितो, मला तुमच्या हार्डवेअरवर हुकूम चालवायचा नाही. टीव्होने बदल परत दिले, माझ्या लेखी त्यांनी व्यवहार पाळला. कुलूप नको असेल तर दुसरं यंत्र घ्या. सही करायच्या खाजगी किल्ल्या कंपन्यांकडून मागणं त्याला साफ चुकीचं वाटत होतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नलवर काम करणाऱ्या इतर काही मोठ्या प्रोग्रामरांनीही तिसऱ्या आवृत्तीच्या विरोधात एक निवेदन काढलं.

मला कबूल केलं पाहिजे, पहिल्यांदा वाचलं तेव्हा लिनसचं म्हणणं मला पटलं. सरळ हिशेबी माणूस. पण मग लक्षात आलं, दोघं वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलतायत. लिनसच्या हिशेबात दोन पक्ष आहेत: कोड लिहिणारा मी आणि कोड वापरणारी कंपनी. स्टॉलमनच्या हिशेबात तिसरा माणूस आहे, ज्याने दुकानातून डबा विकत आणला. प्रिंटरपाशी अडकून बसलेला माणूस. माझ्या गोष्टीत सांगायचं तर, गूळ तोलणारे माझे बाबा.

गंमत म्हणजे दुसऱ्या आवृत्तीतही एक वाक्य आहे. सोर्स कोड म्हणजे काय काय द्यायचं हे सांगताना तिथे म्हटलंय की प्रोग्राम तयार करण्याच्या आणि इन्स्टॉल करण्याच्या कामाच्या स्क्रिप्टही द्यायच्या. काही जण आजही म्हणतात, 'इन्स्टॉल' शब्द आहे ना, मग इन्स्टॉल करता आलंच पाहिजे. दुसरे म्हणतात, स्क्रिप्ट म्हणजे स्क्रिप्ट, किल्ली नव्हे. एका शब्दावर केवढं घोडं अडलं बघा.

तिसऱ्या आवृत्तीने हा घोळच ठेवला नाही. घरगुती वापराची वस्तू विकताना कंपनीने कोडसोबत, बदललेली आवृत्ती त्याच वस्तूत बसवून चालवायला जे काही लागेल ते द्यायचं. किल्ली लागत असेल तर किल्लीही. मात्र तडजोडीही केल्या. नियम घरगुती वस्तूंपुरता. जी चिप खुद्द कंपनीलाही बदलता येत नाही तिला सूट. तुम्ही बदल केलात तर वॉरंटी आणि अपडेट देत राहायची सक्ती नाही. तुमच्या बदलामुळे नेटवर्कला त्रास होत असेल तर नेटवर्क तुम्हाला बाहेर ठेवू शकतं.

टीव्होने तर २००७ च्या आपल्या वार्षिक अहवालात गुंतवणूकदारांना सांगून टाकलं होतं की ही आवृत्ती सगळीकडे स्वीकारली गेली तर आमच्या धंद्याला झळ बसू शकते.

२९ जून २००७

ही तारीख लक्षात ठेवा. शुक्रवार होता. त्या दिवशी जीपीएलची तिसरी आवृत्ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी अमेरिकेत दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या. पहिला आयफोन विक्रीला आला होता.

मला हे कळलं तेव्हा मी पॉज घेऊन बसलो. कुलपाविरुद्धचा मजकूर आणि जगातलं सगळ्यात लाडकं कुलूपबंद यंत्र, दोन्ही एकाच दिवशी. आयफोनच्या सिस्टिमच्या गाभ्यात लिनक्स नाही, त्यामुळे हा लायसन्स त्या दारातून आत गेलाच नसता. पण वारं कुठल्या दिशेने वाहणार हे त्या दिवशी ठरलं. पहिल्या वर्षी आयफोनवर बाहेरचं ॲप टाकायची सोयच नव्हती. २००८ मध्ये ॲप स्टोअर आलं, तेही एकाच फाटकातून.

त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला. कर्नल लिनक्सचा, म्हणजे जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा. कारण लिनक्स तिसऱ्या आवृत्तीवर गेलंच नाही. लिनसचा विरोध होताच, पण त्याने मनात आणलं असतं तरी सोपं नव्हतं. हजारो लोकांनी लिहिलेला कोड, प्रत्येकाच्या हक्काची वीट वेगळी, सगळ्यांची संमती आणणार कुठून? कर्नलच्या वरचा अँड्रॉइडचा बराचसा कोड अपाची लायसन्सचा, त्यात तर बदल परत देण्याचीही अट नाही.

तिसऱ्या आवृत्तीला कंपन्यांनी शिव्या दिल्या नाहीत, नुसती बगल दिली. ॲपलचं मॅक बघा. त्यात बॅश नावाचा प्रोग्राम होता, कमांड टाइप करायचा. बॅशची पुढची आवृत्ती तिसऱ्या जीपीएलखाली गेली. मॅकमधला बॅश मात्र जुन्याच ३.२ वर थांबला आणि २०१९ मध्ये ॲपलने नव्या खात्यांसाठी झी-शेल हा दुसराच प्रोग्राम पुढे केला, ज्याचा परवाना मोकळा आहे. दुसरीकडे सांबा, ग्नूचा कंपायलर अशा मोठ्या प्रकल्पांनी तिसरी आवृत्ती घेतली. पण खिशातल्या फोनचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, आणि टीव्होची पळवाट कोट्यवधी फोनांमध्ये उघडी राहिली.

बाबांच्या फोनचं कुलूप इथून आलं.

कुलूप हवंच, पण किल्ली?

आता तुमच्यातले काही जण म्हणत असतील, दादा, कुलूप नसेल तर चोराचं फावेल. खरं आहे. फोन हरवला तर कोणीही नवी सिस्टिम टाकून आतली माहिती काढू नये. रिपेअरवाल्याने आत काहीतरी लपवून ठेवू नये. यूपीआय, बँक, आधार, सगळं फोनमध्ये. बूट होताना सही तपासणं ही वाईट गोष्ट नाही, मला स्वतःला ती हवी आहे.

पण आपल्या जुन्या घरांत कोठीच्या खोलीला कुलूप असायचं, आणि घरातलं राजकारण कुलपावरून होत नसे. किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या कमरेला की सुनेच्या, ह्यावरून व्हायचं. इथेही तसंच आहे. घर आपलं, कोठी आपली, आणि जुडगा कंपनीच्या कमरेला.

आणि दुसरी वाट आहे, कल्पनेतली नाही, बाजारातली. गूगलचे पिक्सेल फोन घ्या. कंपनीकडून घेतलेल्या फोनचं कुलूप मालकाला उघडता येतं, आपली सिस्टिम टाकता येते, आणि मग स्वतःच्या किल्लीने परत कुलूप लावता येतं. कुलूप उघडताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते, म्हणजे चोराच्या हाती काही लागत नाही. सुरक्षाही राहिली, मालकीही राहिली. काही ॲप्स अशा फोनवर कुरकुर करतात, हेही सांगून ठेवतो. पण तो निर्णय मालकाचा असतो.

कायद्याचं काय? अमेरिकेत १९९८ चा एक कायदा असं डिजिटल कुलूप तोडणं बेकायदा ठरवतो. २०१० मध्ये तिथे स्वतःच्या फोनचं कुलूप उघडण्याला अपवाद म्हणून सूट मिळाली, आणि असे अपवाद दर तीन वर्षांनी नव्याने मागावे लागतात. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ ए आलं. त्यातही कुलूप तोडणं गुन्हा आहे, पण हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा. मी वकील नाही, पण आपल्या कलमाचा सूर मला जास्त माणसासारखा वाटतो. अर्थात कायद्याने सूट दिली म्हणून किल्ली हातात येत नाही, ती कंपनीकडेच राहते.

आणि तो तिसरा माणूस आता कोर्टात पोचलाय. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी ह्या संस्थेने कॅलिफोर्नियात व्हिझिओ ह्या टीव्ही कंपनीवर दावा लावला. दाव्याची मजा अशी की संस्था कोडची लेखक म्हणून गेली नाही. दुकानातून टीव्ही विकत घेतलेला ग्राहक म्हणून गेली. म्हणणं असं, ह्या लायसन्सचं वचन लेखकाला जेवढं आहे तेवढंच ते आम्हा घेणाऱ्यांना आहे, तेव्हा कोड आम्हाला द्या. कंपनीने खटला केंद्रीय कोर्टात नेला, २०२२ मध्ये त्या कोर्टाने तो राज्याच्या कोर्टात परत पाठवला, कारण हा नुसता कॉपीराइटचा वाद नाही, कराराचाही आहे. म्हणजे 'पावती आहे माझ्याकडे' हा मुद्दा कोर्टाने फेटाळून लावला नाही. तो ऐकण्यासारखा आहे असं मानलं.

तर मग करायचं काय?

मी तुम्हाला उद्यापासून सगळं सोडून प्रोग्रामर व्हा म्हणणार नाही. पुढचा फोन घेताना एक प्रश्न मात्र विचारा. कॅमेरा किती मेगापिक्सेल हे आपण विचारतोच, त्याच दमात विचारा: ह्याचे अपडेट किती वर्षं, आणि बूटलोडरचं कुलूप उघडता येतं का? दुकानदाराला माहीत नसेल. हरकत नाही, घ्यायच्या आधी नेटवर बघा. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर पाठ असतं.

आणि घरात जुना फोन, राउटर पडला असेल तर भंगारात देण्याआधी लिनेजओएस किंवा ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचं मॉडेल आहे का बघा. असेल तर त्या यंत्राचं अजून आयुष्य शिल्लक आहे.

बाबांनी शेवटी नवा फोन घेतला. उधारी त्यावर गेली. जुना अजून गल्ल्यातच आहे, बेरजा करायला आणि लाइट गेली की टॉर्च म्हणून. परवा गावी गेलो तेव्हा ही सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली. प्रिंटर, टीव्हो, बंगळुरू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या प्रिंटरवाल्याला पहिल्या दिवशी कळलं होतं, ते तुला दिवाळीत कळलं."

म्हटलं, हो बाबा.

"मग पुढचा फोन घेताना तू बरोबर ये," ते म्हणाले, आणि पावत्यांच्या फाइलमधून जुन्या फोनची पावती काढून माझ्या हातात दिली. "ही ठेव. कधी ना कधी कोणीतरी विचारेल."

ती पावती आता माझ्या टेबलावर आहे, हा भाग रेकॉर्ड करताना समोरच ठेवलीय.

तुमच्या घरात असं कुलूप लागलेलं कोणतं यंत्र पडलंय? कॉमेंटमध्ये नक्की सांगा, मॉडेलसकट. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, त्या 'ओपन सोर्स लायसन्स'वाल्या पानावर एकदा तरी चक्कर मारून या.